ग्राहकाच्या लॉनवर कुत्र्याची विष्ठा पडलेली असते. ती माळ्याने उचलावी का?

आपण लिहिले आहे की, बंगल्यांच्या बागांची कामे नुकतीच सुरू केली आहेत, दर फेरीला लॉनवर कुत्र्याची घाण सापडते, घरच्यांना सांगायला संकोच वाटतो आणि मुकाट्याने उचलत राहिलो तर ते आपलेच काम होऊन बसेल, अशी भीती वाटते. मी १४ वर्षांपासून पुण्यात औंध, बाणेर आणि सहकारनगर भागांतील बंगल्यांच्या बागा सांभाळतो. माझ्याबरोबर तीन माणसे काम करतात. आपली भीती अगदी रास्त आहे. कुत्रा ज्यांचा, त्याची घाण उचलण्याची जबाबदारी त्यांचीच, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ही गोष्ट महिन्याचा दर ठरवताना, पहिल्याच भेटीत बोलून घ्यावी. तेव्हा बोलायला दोन मिनिटे पुरतात. सहा महिने गुपचूप उचलल्यानंतर तीच गोष्ट काढली, तर ग्राहकाला ती तक्रार वाटते.

आदल्या दिवशी मी ग्राहकाला व्हॉट्सॲपवर एवढेच लिहितो : ‘उद्या सकाळी नऊ वाजता लॉन कापायला येत आहोत. कृपया आज संध्याकाळी आणि उद्या सकाळी कुत्र्याची विष्ठा उचलून ठेवावी, म्हणजे संपूर्ण लॉन कापता येईल.’ बहुतेक लोक आनंदाने ऐकतात. जिथे घाण तशीच राहिलेली असते, तिथे तेवढा तुकडा न कापता सोडतो, त्याचा फोटो पाठवतो आणि राहिलेले काम पुढच्या फेरीला करतो. एखाद्याने ‘तुमची माणसे उचलतील की’ असे म्हटले, तर मी नम्रपणे नकार देतो. आपल्याकडे दुसऱ्याची घाण उचलण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणावर लादले गेले, हे आपण सारे जाणतो. बागकामासाठी आलेल्या माणसाला, त्याची संमती न विचारता, पगारातच धरून हे काम सांगणे मला मान्य नाही. माझ्याकडे एकच अपवाद आहे. सहकारनगरात एक वृद्ध दांपत्य राहते, मुले परदेशी आहेत आणि आजींना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. तिथे मी स्वतः उचलतो आणि त्याचे वेगळे पैसे ठरलेले आहेत. ते त्यांनीच आग्रहाने ठरवले.

एवढे करूनही घाण राहून जातेच, म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी संपूर्ण बाग पायी फिरून पाहावी. हा नियम मी चूक करून शिकलो. एका श्रावणात पावसाने उघडीप दिली म्हणून मी घाईने ब्रश कटर (फिरत्या नायलॉनच्या दोरीने गवत कापणारे यंत्र) सुरू केला. दोन आठवडे कापणी न झाल्यामुळे गवत घोट्याच्या वर आले होते आणि खाली काय पडले आहे ते दिसत नव्हते. ती फिरती दोरी विष्ठेवर बसताच तिचे शिंतोडे माझ्या पोटऱ्यांवर, चष्म्यावर, ओठांवर, बंगल्याच्या पांढऱ्या भिंतीवर आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर उडाले. त्या काकूंची मनापासून क्षमा मागितली, चादरी धुलाईला देऊन आणल्या आणि भिंत स्वतः धुतली. आता आम्ही चौघे एका रांगेत चालतो आणि दिसेल तिथे बांबूची काडी रोवतो. कुत्री सहसा ठरलेल्याच जागा निवडतात : कुंपणालगत, मेंदीच्या झुडपांखाली, आंब्याच्या बुंध्याशी साचलेल्या पाचोळ्यात. मेंदी छाटायला गुडघे टेकून बसण्याआधी खालचा पाचोळा काठीने सारून पाहावा.

घाण वाळली म्हणजे धोका संपला, असा समज आमच्या व्यवसायात फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कुत्र्याच्या पोटातील टॉक्सोकारा नावाच्या गोल जंताची अंडी ताज्या विष्ठेत असतात तेव्हा माणसाला लागण करण्याइतकी वाढलेली नसतात. त्यासाठी साधारण दोन ते चार आठवडे जावे लागतात आणि त्यानंतर ती मातीत महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे टिकतात. म्हणजे विष्ठा विरून दिसेनाशी झाल्यावर त्या जागेतली माती अधिक घातक असते. अंकुशकृमीची, म्हणजे हुकवर्मची, अळी तर आठवडाभरातच तयार होते आणि ओलसर, उबदार मातीतून थेट कातडीत शिरते. माझ्या एका सहकाऱ्याच्या तळपायावर भर पावसाळ्यात तांबडी, वळणावळणाची रेघ उठली. ती रोज थोडी पुढे सरकत असे आणि रात्री खाजेने त्याला झोप लागत नसे. त्वचारोगतज्ज्ञांनी रेघ पाहताच, हे कुत्र्या-मांजरांच्या जंताचे काम आहे, असे सांगितले आणि गोळ्यांनी तो बरा झाला. तो तोवर अनवाणी काम करत असे. त्या दिवसापासून चौघांनाही गमबूट घेतले आणि अनवाणी किंवा चपलेवर लॉनवर उतरणे बंद केले.

हातांविषयी तर मी रोज बोलतो, कारण खरी अडचण तंबाखूची आहे. कुंडीतली माती हलवायची, हातमोजा काढायचा आणि त्याच तळव्यावर तंबाखू मळून तोंडात टाकायची, ही सवय जंताची अंडी थेट पोटात नेते. सॅनिटायझरने ती मरत नाहीत. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, नखांच्या कडा चोळून हात धुवावे लागतात. पावसाळ्यात हातापायांवर जखम असेल तर ती झाकूनच कामाला लागावे, कारण उंदीर आणि कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा गंभीर आजारही होतो. धनुर्वाताचे इंजेक्शन सर्वांनी वेळेवर घेतलेले असावे. ग्राहकाला कुत्र्याचे जंतनाशक औषध नियमित चालू आहे का, हेही मी विचारतो. कोणी त्याचा राग मानलेला नाही.

उचलण्याची वेळ आलीच, तर त्यासाठी वेगळे खुरपे आणि पत्र्याची सुपली ठेवावी. मी दोन्हींच्या मुठींना लाल रंग दिला आहे, म्हणजे ती कुंड्यांच्या कामात मिसळत नाहीत. विष्ठा पातळ असेल तर पाण्याचा पाइप मुळीच मारू नये, त्याने ती गवताच्या मुळाशी पसरते. वरून कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकावा, दहा मिनिटे थांबावे आणि खालच्या थोड्या मातीसकट खरवडून घ्यावी. ती बागेतील कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. शेणासारखे खत होईल असे अनेकांना वाटते, परंतु घरच्या खड्ड्यात जंताची अंडी मरतील एवढी उष्णता टिकत नाही आणि तेच खत पुढे मेथी-कोथिंबिरीला जाते. सर्वांत चांगले म्हणजे पिशवीशिवाय घरातील शौचालयात टाकून पाणी सोडावे. पुण्यात कचरावेचक भगिनी घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात, त्यामुळे ती ओल्या कचऱ्यात गुपचूप मिसळू नये, हे मी ग्राहकांना आवर्जून सांगतो.

यंत्राला घाण लागली असेल तर ते बंद करून थंड होऊ द्यावे, स्पार्क प्लगची टोपी काढावी, गार्ड (दोरीवरचे संरक्षक झाकण) लाकडी काडीने खरवडावा आणि मगच साबणाच्या पाण्याने पुसावा. जोरदार फवारा मारल्यास तेच शिंतोडे पुन्हा अंगावर येतात.

राहिले बूट. ज्या घरी लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आहे, तिथे मी सकाळी सर्वांत आधी जातो, कारण पार्व्हो या आजाराचे विषाणू दुसऱ्या बागेतून बुटांना लागून येतात, मातीत महिनोन्‌महिने जगतात आणि पिल्लांचा जीव घेतात. शेवटच्या घरून निघताना बुटांची माती ब्रशने पूर्ण काढतो, एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण तळव्यांवर दहा मिनिटे राहू देतो, मग धुऊन टेम्पोत उलटे टांगतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते कोरडे मिळतात.