कुंडीतला बांबू आणि न्यू जर्सीची थंडी

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. डेकवर कुंडीत बांबू आहे, गेल्या जानेवारीत त्याची पानं सुरळीसारखी वळून वाळली. कढीपत्ताही आहे. यंदा काय करू?

उत्तर: अहो, पानं वाळली म्हणजे बांबू मेलाच असं नाही हं, उपटू नका! काडी नखाने खरवडून बघा, आत हिरवी असेल तर वसंतात फुटेल. खरा घात होतो मुळांचा, कारण जमिनीतल्या बांबूला मातीची ऊब असते पण कुंडी चारही बाजूंनी गारठते, आणि माती गोठली की मुळं पाणी ओढू शकत नाहीत, वर कोरडा वारा पानं सुकवत राहतो. म्हणून गोठायच्या आधीच भरपूर पाणी द्या, कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवा, भोवती गोणपाट नाहीतर बबल रॅप गुंडाळा आणि वर चांगला वीतभर पालापाचोळा घाला. मधे बर्फ वितळला की परत थोडं पाणी.

कढीपत्त्याची गोष्टच वेगळी, त्याला ही थंडी अजिबात झेपत नाही. रात्री १० अंश सेल्सिअसच्या खाली जायला लागल्या की सरळ घरात, उन्हाच्या खिडकीत. पानं गळतील, घाबरू नका, फक्त पाणी कमी करा.