चार मोटर, अडीच पगार

प्रश्न: ऑफिसातून आल्यावर रेसिंग गेम खेळणं हा माझा एकमेव छंद. सध्या टेबलाला आवळलेलं साधं गियरवालं स्टिअरिंग आणि चाकांची खुर्ची एवढंच आहे. आता चार कोपऱ्यांना चार सर्व्हो मोटर (हुकमाप्रमाणे नेमक्या फिरणाऱ्या मोटर) लावून गाडीसारखी हलणारी रिग, म्हणजे सीट-स्टिअरिंगचा सांगाडा, स्वतः बांधायची आहे. सुट्या भागांची यादी केली, ती माझ्या 1.8 महिन्यांच्या पगाराएवढी होते. तयार घेतली तर 5 पगार. मुदत ठेवीत 3 पगार आहेत. ठेव मोडू, वर्षभर गुंतवणूक थांबवू, की दोन वर्षांचं कर्ज काढू? मित्रांना तासाच्या भाड्याने बसवून पैसे वसूल होतील असं वाटतं. बायकोला यातलं काहीच पटत नाही.

उत्तर: आकडे पगाराच्या पटीत दिलेत, हे फार बरं केलंत. नुसती रक्कम वाचून जास्त की कमी ते कळत नाही, पगारात मोजली की लगेच कळतं.

तुमच्या पत्रातली बाकीची माहिती आधी मांडतो. मिळवते तुम्ही एकटे, मुलगी तीन वर्षांची, घर भाड्याचं. पगारातले 75 टक्के घरखर्चात जातात, 15 टक्के दरमहा दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत आणि 10 टक्के मोकळे राहतात. वर्षाला एक पगार बोनस मिळतो. म्हणजे ठेवीतले 3 पगार हा तुमच्या घराचा चार महिन्यांचा खर्च झाला. एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्या घरात मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतो, तो होतो साडेचार पगार. ज्या ठेवीला तुम्ही हात घालायला निघालात, तीच दीड पगाराने तोकडी आहे. तेव्हा ठेवीचा विषय इथेच मिटला.

आता तुमची यादी. ती मी दोनदा वाचली. चार 750 वॉटच्या मोटर, त्यांना वीज आणि हुकूम पुरवणारे ड्राइव्ह, मोटरचं फिरणं वर-खाली सरकण्यात बदलणारे 16 मिलिमीटर जाडीचे आणि 5 मिलिमीटर पिचचे (एका फेऱ्यात 5 मिलिमीटर सरकवणारे) बॉल स्क्रू, कंट्रोलर, अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल (बोल्टने जोडायच्या खाचांच्या पट्ट्या) आणि जुन्या गाडीची सीट. यादी चोख आहे, पण ती सगळं पहिल्याच फटक्यात जमेल असं धरून केलेली आहे. शील्ड केलेल्या केबल त्यात नाहीत. एवढ्या ड्राइव्हसाठी भिंतीपासून वेगळी वायर आणि ब्रेकर लागेल, तो नाही. इमर्जन्सी स्टॉप नाही. ड्रिलचे पाते, आटे पाडायचे टॅप, टॉर्क पाना यांतलं काही नाही. थ्रीडी प्रिंट केलेल्या भागांचा पहिला संच बहुतेक वेळा माप चुकून टाकूनच द्यावा लागतो, त्याचंही काही धरलेलं नाही. मोटर वजनदार असतात, त्यांच्या वाहतुकीचा आकडा तुम्ही कोरा सोडला आहे. अशा घरगुती यादीवर मी डोळे मिटून 40 टक्के चढवतो. 1.8 चे अडीच पगार होतात.

हा फरक किरकोळ वाटेल, पण कर्जाचं गणित त्यानेच फिरतं. वार्षिक 14 टक्के व्याज आणि 24 महिने मुदत धरली, तर 1.8 पगारांच्या कर्जाचा हप्ता पगाराच्या 8.6 टक्के येतो. तुमच्याकडे 10 टक्के मोकळे आहेत, म्हणजे बसतो. अडीच पगारांवर तोच हप्ता 12 टक्के होतो आणि बसत नाही. शिवाय वरचा खर्च कर्ज काढताना दिसत नाही, तो अर्ध्या कामात उगवतो. तेव्हा बँकेकडे दुसऱ्यांदा कोणी जात नाही, क्रेडिट कार्ड बाहेर येतं. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची अशीच रिग तीन कोपऱ्यांवर येऊन थांबली होती. चौथ्या मोटरचे पैसे उरले नाहीत, कार्डाची थकबाकी मात्र दोन वर्षं चालली. त्या सांगाड्यावर घरातले कपडे वाळत असत.

गुंतवणूक वर्षभर थांबवली तर काय? दरमहा 15 टक्के, बारा महिने, म्हणजे बरोबर 1.8 पगार. 10 टक्के परतावा धरला तर वीस वर्षांनी त्याचे सुमारे 12 पगार होतात. आमच्या आर्थिक सल्ल्याच्या धंद्यातले लोक इथेच थांबतात आणि समोरच्याला घाबरवतात. पण 6 टक्के महागाई वजा केली, तर आजच्या भावात ते पावणेचार पगार उरतात. पावणेचारही कमी नाहीत, पण त्याहून मला खटकते ती वेगळीच गोष्ट. अडीच पगार उभे करायला बारा नव्हे, सतरा महिने गुंतवणूक बंद ठेवावी लागेल, आणि एवढे दिवस थांबलेली सवय पुन्हा सुरू करायला माणसाला निमित्त लागतं.

तर तिन्ही मार्ग नकोत. रिग मात्र बांधा. हे मी तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीमुळे म्हणतो आहे.

पत्रात मोटर, स्क्रू आणि फर्मवेअरवर तीन मोठे परिच्छेद आहेत. गाडी चालवण्यावर एक ओळ आहे, तीही 'आठवड्याला साधारण चार तास खेळतो' एवढीच. कोणता ट्रॅक आवडतो, कोणती गाडी, कुठल्या वळणावर घसरता, यातलं काही नाही. तुम्हाला चालवण्यापेक्षा बांधायचं जास्त आहे. त्यात गैर काही नाही, पण मग हिशेब वेगळा करावा लागतो. ज्याला चालवायचं असतं त्याचा खर्च रिग मिळाली की संपतो. बांधणाऱ्याचा संपत नाही. चार मोटर नीट हलू लागल्या की तुम्हाला आडवं सरकणंही हवंसं वाटेल, मग सहा पायांचा मंच. असा सहा दिशांनी हलणारा मंच स्ट्युअर्ट या इंजिनिअरनी 1965 साली शोधनिबंधात मांडला म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याआधी गॉफ या इंजिनिअरनी तशाच रचनेचं यंत्र टायर तपासायला बांधलं होतं. म्हणजे गाड्यांशी त्याचं नातं जुनं आहे, आणि तुम्ही तिथे पोहोचणार हे मला आत्ताच दिसतं आहे. म्हणून याला एकदाचा खर्च समजू नका. हा वर्षानुवर्षांचा छंद आहे आणि त्याला दरमहाची मर्यादा लागते.

वापराच्या तासांचंही गणित करून बघा. महिन्याला 160 तास काम धरलं तर अडीच पगार म्हणजे 400 तासांची नोकरी. आठवड्याला चार तास खेळलात, तर तीन वर्षांत सुट्ट्या-आजारपण वगळून 600 तास होतात. खेळाच्या प्रत्येक तासामागे 40 मिनिटं काम पडलं. हे मला परवडणारं वाटतं. पण नवलाई ओसरली आणि खेळणं आठवड्याला एका तासावर आलं, तर एका तासामागे दोन तास चाळीस मिनिटं पडतील. बांधण्याचे तास तुम्हाला आनंदाचे असतील तर तेही या 600 मध्ये मिळवा, माझी हरकत नाही.

पैशाची मांडणी अशी करा. यंदाचा बोनस पूर्ण ठेवीत टाका. मोकळ्या 10 टक्क्यांतले निम्मे दहा महिने ठेवीत आणि निम्मे रिगच्या वेगळ्या खात्यात. दहा महिन्यांत ठेव साडेचार पगारांवर जाते. पुढे सगळे 10 टक्के रिगला, आणि पुढच्या बोनसचा अर्धा भागही. 25 व्या महिन्यात अडीच पगार पूर्ण होतात, गुंतवणुकीला धक्का न लावता. दोन वर्षं फार वाटतात ना? पण या दोन वर्षांत तुम्ही रिकामे बसणार नाही आहात.

पहिला खर्च सांगाड्याचा करा. 40 बाय 80 मिलिमीटरचं प्रोफाइल, सीट आणि स्टिअरिंगची घट्ट बैठक. टेबल हलतं तोवर चांगल्या स्टिअरिंगचाही उपयोग नाही. शिवाय प्रोफाइल सुटं करून विकता येतं, वेल्डिंग केलेली चौकट भंगारात जाते. घर बदलताना हा फरक कळेल. त्यानंतर लोड सेलचा ब्रेक पेडल. साधा पेडल तुम्ही पाय किती खाली नेला ते मोजतो, लोड सेल किती जोर लावला ते मोजतो, आणि खऱ्या गाडीत पाय जोरच लक्षात ठेवतो. वेळ सुधारायची असेल तर एवढा मोबदला मोटरही देणार नाहीत. मग सीटखाली एक-दोन बास शेकर (आवाजाऐवजी थरथर देणारे स्पीकर) आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर. सिमहबसारखं सॉफ्टवेअर गेममधून येणारी माहिती घेऊन कडेची खडबडीत पट्टी, गियर आणि इंजिनाची थरथर शेकरवर पाठवतं. कित्येकांचं समाधान इथेच होतं. तुमचंही झालं तर ते कबूल करा आणि उरलेले पैसे मोकळे करा.

मोटरची पाळी सगळ्यात शेवटी. त्याआधी मोटर काय देणार ते नीट समजून घ्या. चार कोपऱ्यांच्या रचनेत सीट वर-खाली होते, पुढे-मागे झुकते आणि डावी-उजवीकडे कलते. मोटर मिनिटाला 3000 फेरे फिरली आणि पिच 5 मिलिमीटर असली, तर सेकंदाला 250 मिलिमीटर सरक मिळते. खड्डे आणि धक्क्यांना हे उत्तम. पण लांब वळणात गाडी तुम्हाला बाजूला दाबून ठेवते तो दाब कुठलीही सीट घरात देऊ शकत नाही. ती फक्त कलून गुरुत्वाकर्षणाकडून त्याची नक्कल करून घेते. खऱ्या गाडीचीच अपेक्षा ठेवलीत तर अडीच पगारही वाया गेल्यासारखे वाटतील.

आणि इमर्जन्सी स्टॉप. बसलेल्या माणसाच्या हाताशी, मोठं लाल बटण, ड्राइव्हचा वीजपुरवठाच तोडणारं. सॉफ्टवेअर बंद केलं म्हणजे मोटर थांबली असं नाही. घरात तीन वर्षांची मुलगी आहे आणि त्या चार पायांच्या फटीत तिचा हात सहज जाईल. खोलीला कडी हवी, आणि काम संपलं की मुख्य स्विच बंद. हा खर्च कापायचा नाही.

मित्रांकडून भाडं घेण्याचं डोक्यातून काढा. बहुतेक गेमचे परवाने खाजगी वापरापुरते असतात, आणि घरी बांधलेल्या यंत्रावर पैसे घेऊन बसवलेल्या माणसाचं बोट चेंगरलं तर जबाबदारी तुमची. मित्रांना फुकट बसवा.

बायकोला काहीच पटत नाही असं तुम्ही लिहिलंत. तुमचे तिन्ही मार्ग वाचून मलाही पटलं नसतं. ठेव साडेचार पगारांवर गेलेली त्यांना आधी दिसू दे, मग मोटरचा विषय काढा.

पत्राच्या शेवटी विचारलंत की ओळखीतल्या एकाकडे वापरलेल्या चार मोटर ड्राइव्हसह आहेत, तो आठवडाभरच थांबणार आहे, घेऊ का. त्याच्याकडून एकच संच मागा. तो टेबलावर शिकंज्यात आवळा, एक स्क्रू जोडा आणि मोटर हलवणाऱ्या फ्लायपीटी मूव्हरसारख्या मोफत प्रोग्रॅमने तासभर वर-खाली पळवून बघा. आवाज किती होतो ते शेजारच्या खोलीत जाऊन ऐका, मोटर किती तापते ते हात लावून बघा. एका संचाचे पैसे या महिन्याच्या रिगच्या वाट्यात बसत नसतील तर तोही घेऊ नका. चारही एकदम घेतले तरच देतो म्हणाला, तर त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधू दे.