पाच मित्र, शनिवार-रविवार आणि जोतिबा: देवाला की पिकनिकला?

प्रश्न असा आहे: 'आम्ही पाच मित्र एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी पुण्याहून कोल्हापूरला येऊन जोतिबाला चालत जायचं म्हणतोय. चैत्र यात्रेत यावं की नंतर? घरचे म्हणतात, देवाला चाललाय की पिकनिकला?'

शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. अगदी हेच मला २०२२ साली ऐकवलं गेलंय, तेही जेवणाच्या ताटावर.

आधी गर्दीचं. पहिल्यांदाच येत असाल तर चैत्र पौर्णिमेला येऊ नका. सासनकाठ्या, म्हणजे गावोगावच्या भक्तांनी आणलेल्या देवाच्या उंच मानाच्या काठ्या, बघायच्या असतील तर गोष्ट वेगळी. पाडळीची मानाची पहिली काठी, मागे विहेची, गुलालात नाचत येणारी ती उंच काठी एकदा तरी बघावीच. पण चालत येऊन जरा निवांत दर्शन हवं असेल तर यात्रेनंतरचा पाकाळणीचा, म्हणजे देऊळ धुऊन काढतात तो रविवार धरा. माणूस तेव्हाही भरपूर असतो, पण श्वास घेता येतो.

आम्हीही पाच मित्र, मी आणि चौघं, पाकाळणीलाच गेलो होतो. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ची यात्रा भरलीच नव्हती. माझं फ्लेक्स छपाईचं दुकान. दोन वर्षं ना यात्रा, ना लग्न, ना कुठल्या साहेबांचा वाढदिवस. मशीनचा हप्ता मात्र न चुकता. चौघांपैकी तिघा मित्रांचे पैसे माझ्याकडे अडकलेले. त्यात रिक्षावाल्याचे १५ हजार, आणि त्याची स्वतःची रिक्षा कित्येक महिने दारात उभी होती. त्यांचे फोन मी उचलेनासा झालो होतो. रंकाळ्याला भेटू म्हणाले की मला ताप यायचा.

त्या शनिवारी संध्याकाळी चौघं दुकानात आले, एकानं शटर ओढलं आणि मला रिक्षात घातलं. मशीन बंद केलं की नाही, तेही मला आठवेना.

रात्री गंगावेशेत दूध प्यायलो. पुण्यात राहता म्हणून सांगतो, म्हैस समोर उभी असते, तिथंच धार काढून ग्लास हातात देतात. पाच बाप्ये फेसाच्या मिशा घेऊन रस्त्यावर उभे. मग डेअरीवाल्याच्या गच्चीवर आडवे झालो. झोपलं कुणीच नाही, कारण डेअरीवाला घोरतो. पहाटे तीनला पंचगंगेच्या घाटावर पाय धुतले आणि शिवाजी पुलावरून निघालो.

डोंगर १७-१८ किलोमीटरवर. वडणगे येईपर्यंत गप्पा होत्या, निगव्यापर्यंत गाणी, कुशिऱ्यानंतर कुणीच बोलेना. गायमुखाला चहा झाला आणि तिथून चढ. वर पोचेपर्यंत चांगलंच उजाडलं होतं आणि माझ्या टाचेला फोड आला होता.

आता आमच्यातला बँकवाला. हा देव मानत नाही. कॉलेजपासून नाही. तरी आख्खा रस्ता चालला, आणि वर आल्यावर म्हणाला, "जावा तुम्ही, मी चपला राखतो." रांगेत आम्हाला अडीच तास लागले. राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेलं देऊळ आहे, त्याचा प्रत्येक काळा दगड बघून झाला. दुकान चालू दे, एवढंच मागायचं ठरवलं होतं. पण पुढं पोचेपर्यंत मागून ढकललं आणि तोंडातून नुसतं "चांगभलं" निघालं. झालं दर्शन.

बाहेर आलो तर साडेदहाचं ऊन. फरशीवर पाय ठेववेना. नाचत नाचत बँकवाल्याकडे गेलो. त्यानं पाचही जोड भिंतीच्या सावलीत ओळीनं मांडलेले. सावली सरकेल तसा तोही सरकत होता, चपलांसकट. अडीच तास! मी पाय घातले. थंडगार. "तापल्या असत्या," म्हणाला, बस्स. त्याला वाटत असेल त्यात काही विशेष नाही. मला आजही चप्पल घालताना कधी कधी ते आठवतं.

खाली उतरताना चालायचा हट्ट धरला नाही, वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप पकडली. वडणग्यात डेअरीवाल्याच्या मळ्यात विहीर आहे. डब्यातली खर्डा-भाकरी, वर घट्ट दही, आणि दुपारभर विहिरीत. रिक्षावाल्याला पोहता येत नाही, तो ट्यूब घालून आमदारासारखा मधोमध बसला होता. मी काठावर बसून विषय काढला, "ते तुझ्या पैशाचं..." तोंडावर पाणी मारून म्हणाला, "पैशाचं उद्या बघू. आधी उडी हाण खुळ्या!" हाणली. दोन वर्षांत पहिल्यांदा डोक्यात काही नव्हतं.

संध्याकाळी कानात गुलाल घेऊन घरी पोचलो तर ताटावर दाजी बसलेले. म्हणाले, "डोक्यावर कर्ज आणि हे निघाले पिकनिकला. असलं दर्शन पावत नसतंय." ताई भाकरी वाढता वाढता थांबली. मी खाली मान घालून जेवलो.

तेव्हा सुचलं नाही ते आता सांगतो. ज्या देवाला गुलाल आणि खोबरं उधळतात, ज्याच्या काठ्या नाचवत नेतात, त्याच्याकडे सुतकी चेहऱ्यानंच गेलं पाहिजे हे कुणी ठरवलं? दाजी स्वतः गाडीनं वरपर्यंत जातात आणि अर्ध्या तासात परत येतात. त्यांचं दर्शन कमी, असं माझं म्हणणं नाही. (थोडंसं आहे.) पण त्या दिवशी देवळाच्या आवारात सगळ्यात मोठा भक्त कोण होता, असं मला विचारलं तर मी त्या नास्तिकाकडे बोट दाखवीन.

घरच्यांना सांगा, दोन्हीला चाललोय.

बाकी तुमच्या कामाचं: पहाटे तीनच्या पुढे निघू नका, नऊनंतरचा चढ वाईट असतो. पाणी प्रत्येकाकडे स्वतःचं. नवे बूट घालून येऊ नका, आणि हौसेनं अनवाणी तर मुळीच नको. खेट्यांना, म्हणजे माघातल्या रविवारच्या वाऱ्यांना, अनवाणी जाणाऱ्यांना सवय असते, त्या दिवसांत डांबरही एवढं तापत नाही. गुलालाचा शर्ट परत पांढरा होत नाही, जुनाच आणा. कुणाला बीपी किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर त्याला एसटीनं वर पाठवा, चपला राखायला माणूस लागतोच. विहिरीचं मी लिहिलं खरं, पण अनोळखी विहिरीत उड्या मारू नका. ती आमची लहानपणापासूनची आहे.

रिक्षावाल्याचे पैसे २०२३ च्या गणपतीत फिटले. मंडळांचे फ्लेक्स आले एकदम. त्यानं मोजून घेतले नाहीत म्हणून मीच त्याच्यासमोर दोनदा मोजले.

दाजींना यंदा विचारलंय. म्हणाले, गाडीत जागा असेल तर येतो. गाडी नाहीये, दाजी.