आंबोलीला जायचंय ना, मग आधी ती पॉईंटांची यादी बाजूला ठेव

काय गं,

तुझी एक्सेल शीट मिळाली. शनिवारी साडेनऊला मुख्य धबधबा, साडेदहाला हिरण्यकेशी, मग नांगरतास, जेवण, कावळेसाद आणि शेवटी महादेवगड पॉईंटवर सनसेट. सनसेट! जुलैमध्ये, आंबोलीत! मी एवढा हसलो की काकू आतून बघायला आली काय झालं म्हणून. रागावू नकोस, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अशीच यादी वहीत लिहून नेलेली, आणि त्या दोन दिवसांत मी नक्की काय बघितलं विचारशील तर कावळेसादचं रेलिंग. खरंच सांगतो, रेलिंगच. दीड तास उभा होतो पावसात, समोर सगळं पांढरं, दरी आहे की भिंत आहे तेही कळेना, नुसता पाण्याचा आवाज. मग कंटाळून चहा प्यायला मागे वळलो आणि चारपाच मिनिटांसाठी सगळं उघडलं म्हणे, बाकीचे ओरडत होते, मी कप हातात घेऊन पळत येईपर्यंत परत पडदा.

म्हणून सांगतो, तिथे वेळापत्रक आपलं चालत नाही. आणि ज्याला आपण धुकं धुकं म्हणतो ते पावसाळ्यात बहुतेक वेळा ढगच असतात गं. अरबी समुद्रावरून ओलं वारं येतं, घाटाची भिंत आडवी आली की वर चढतं, थंड होतं, त्याचा ढग होतो, आणि आंबोली साधारण ६९० मीटरवर म्हणजे नेमकी त्याच्या वाटेत बसलेली. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या पुण्यात सातशेच्या घरात पडतो, म्हणजे दहापट धर. आता त्यात तुझा साडेनऊ ते साडेदहाचा स्लॉट कुठे बसवतेस बघ.

तर पहिली गोष्ट, शनिवार-रविवार सोड. जुलै-ऑगस्टच्या रविवारी मुख्य धबधब्यावर जी गर्दी असते ना, धबधबा घाटरस्त्याला लागूनच असल्यामुळे गाड्या रस्त्यातच, गाणी लावलेली, कोण भजी खातंय कोण पायऱ्यांवर नाचतंय, त्यात तासभर अडकलीस की आख्ख्या आंबोलीबद्दल मत वाईट होतं. सोमवार ते गुरुवार बघ, ऑफिसातून दोन सुट्ट्या काढा सगळ्यांनी. आणि दोन नाही, तीन रात्री राहा. एक दिवस तर काहीच ठरवू नका. तुला हे पटणार नाही माहितीये, पण ढग उघडायची वाट बघायला हाताशी वेळ लागतो, तेवढ्यासाठी तो दिवस.

मला विचारशील तर जुलैपेक्षा जूनचा शेवटचा आठवडा. कारण सांगतो. आंबोलीला जांभ्या दगडाचे सडे आहेत, उघडे, सपाट, उन्हाळ्यात तव्यासारखे. पहिला जोराचा पाऊस झाला की त्यावर बोटभर खोलीची डबकी साचतात आणि त्या डबक्यांत एक टोड येतो, आंबोली टोडच म्हणतात त्याला, झँथोफ्रिनी टायगरिना हे शास्त्रीय नाव, २००९ मध्ये नवीन जात म्हणून त्याची नोंद झाली आणि जगात तो या आंबोलीच्या आसपासच सापडतो. अंगठ्यापेक्षा जरासा मोठा. कुशीवर पिवळसर पट्टे, म्हणून टायगर. पहिल्या पावसाचे थोडेच दिवस त्यांची धांदल चालते, अंडी त्या बोटभर पाण्यात, पाऊस मध्येच थांबला आणि डबकं आटलं तर सगळं संपलं. मी एकदा सड्यावर पोटावर झोपून बघितलेला, टॉर्च बाजूला धरून, पावसाचा एकेक थेंब डबक्यात पडला की तो डोळे मिटायचा आणि परत उघडायचा, अर्धा तास तेवढंच बघत होतो, शर्ट पोटापर्यंत भिजला ते नंतर कळलं.

जून नाहीच जमला तरी उडणारा बेडूक सप्टेंबरपर्यंत दिसतो, मलबार ग्लायडिंग फ्रॉग. हिरवागार, बोटांमध्ये नारिंगी-लाल पडदे, ते पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. त्यांचं फेसाचं घरटं पाण्यावर लोंबणाऱ्या पानाला लावलेलं असतं, पिल्लं त्यातून टपकन खाली पाण्यात. हे सगळं रात्री बघायचं, आणि रात्री एकटं-दुकटं रानात घुसायचं नाही, गावातले माहितगार गाईड आहेत त्यातला एक आधीच ठरव, कुठे परवानगी लागते ते त्यालाच विचार. त्याचे पैसे देताना घासाघीस करू नकोस प्लीज, हॉटेलात एक पनीर कमी मागवा. आणि एक, हाताला मच्छरचं क्रीम लावून बेडकाला हात लावायचा नाही, त्याची कातडी सगळं शोषून घेते. खरं तर हातच लावायचा नाही. चापड्यालाही नाही, तो हिरवा किंवा तपकिरी साप एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसून असतो, लोक रबरी समजून जवळ जातात, विषारी आहे तो.

आता रस्ता. पुण्याहून निपाणी-संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा असं या, चहापाण्यासकट सातआठ तास धरा आणि उजेडात पोचा. हे मी उगाच नाही सांगत. एकदा आम्ही आजऱ्यातच जेवायला बसलो, उशीर झाला, पुढे रात्री असलं धुकं की बोनेटसुद्धा दिसेना आणि मी शहाणा हाय बीम लावून बसलेलो. हाय बीमने धुक्यात काहीच दिसत नाही, समोर पांढरी भिंत उभी राहते, खाली डीपर लावला तरच रस्त्याची कड दिसते. ते मला त्या रात्री एका ट्रकवाल्याने काचेवर थाप मारून सांगितलं, जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. ट्रेनने यायचं असेल तर सावंतवाडी रोड स्टेशन, तिथून आंबोली साधारण पस्तीस किलोमीटर, पण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, आणि बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं तेव्हा त्याच सकाळी बस लॅपटॉपसमोर. सावंतवाडीकडून वर येताना घाटात दरड पडली तर रस्ता बंद होऊ शकतो, आजऱ्याकडची वाट डोक्यात असू दे.

खोली बुक करताना फोटो बघू नकोस, फोन करून दोन गोष्टी विचार, लाईट गेली तर जनरेटर आहे का आणि कपडे वाळवायला काही सोय आहे का. एका ठिकाणी मी आधी सगळे पैसे भरलेले, घाट बंद झाला म्हणून जाता आलं नाही तर एक रुपया परत मिळाला नाही, तेव्हापासून अर्धेच भरतो आणि कॅन्सलेशनचं व्हॉट्सॲपवर लिहून घेतो.

बॅगेत जीन्स नको, तीन दिवस वाळत नाही. छत्रीही वाऱ्यात उलटते, रेनकोट किंवा पोंचो बरा. जुनी वर्तमानपत्रं घे भरपूर, रात्री बुटात कोंबून ठेवली की सकाळपर्यंत निम्मं पाणी ओढतात. कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिकाच्या पुड्या. पेट्रोल आणि कॅश आजऱ्यातच. पोरांना सांगून ठेव नेटवर्क येईल-जाईल, घरी आधीच कळवा.

कावळेसादला जा, नक्की जा, वारं जोरात असलं की खाली पडणारं पाणी उलटं वर येतं आणि तोंडावर बसतं, वेड लागतं. पण रेलिंगच्या पलीकडे कोणी एक पाऊल टाकलं, रीलसाठी असो की कशासाठी, तर त्याला तिथून थेट गाडीत नेऊन बसव. दगडावर शेवाळं असतं आणि खाली सरळ दरी. ग्रुपमध्ये वाईट व्हायची तयारी ठेव, तू नेतेयस ना त्यांना.

हिरण्यकेशीला मात्र घाईत जाऊ नकोस. गुहेतून नदी निघते, महादेवाचं देऊळ, समोर कुंड. त्याच पाण्यात एक छोटा रंगीत मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये त्याची नोंद झाली आणि २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. पाण्यात पाय धुणं, बिस्किटं टाकणं हे काही करू देऊ नकोस कुणाला. आणि गंमत बघ, इथलं पाणी घटप्रभेला, मग कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात जातं, आणि कावळेसादला जे खाली पडतं ते कोकणातून अरबी समुद्रात. एकाच ढगाचं पाणी. मी दर वेळी कुंडाच्या काठावर बसून हे कुणाला तरी सांगतो आणि दर वेळी समोरचा म्हणतो हो का, आणि फोन बघायला लागतो. तू सांगून बघ तुझ्या पोरांना.

नवीन शीट पाठव, यावेळी वेळेचा कॉलम नको. आणि परत येताना आजऱ्यात घनसाळ तांदूळ घे माझ्यासाठी दोन किलो, वास बघून घे, पैसे लगेच जीपे करतो.

काका