कोरोनातली मदत, तिकडची अन् आपली

प्रश्न: तासगावला आमची द्राक्षबाग आहे, 2020 च्या लॉकडाऊनात माल कवडीमोल गेला. अमेरिकेतला मेहुणा म्हणतो तिकडं सरकारनं शेतकऱ्यांना थेट पैसे दिले, मग आपल्याला काय मिळालं ओ?

उत्तर: दादा, मेहुणा खरं बोलतोय. तिकडं एप्रिल 2020 ला 19 अब्ज डॉलरचं पॅकेज जाहीर झालं, त्यातले 16 अब्ज थेट शेतकऱ्यांना अन् गुरं पाळणाऱ्या रँचवाल्यांना, बाकीच्यातनं दूध-भाजी-मांस विकत घेऊन गरजूंना वाटप. आपल्याकडं एप्रिलला खात्यावर पडलेले 2000 म्हणजे पीएम किसानच्या वर्षाच्या 6000 मधलाच हप्ता, फक्त लवकर सोडलेला, त्याला जादा मदत कसं म्हणायचं? वहिनींचं जनधन खातं असेल तर महिना 500 प्रमाणं तीन महिने आले असतील, पासबुक बघा.