आपोआप होतं, तर पगार कुणाला?

कुपवाडहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला आहेत, म्हणजे ज्यावरून ओतकामाचे साचे पडतात तो लाकडी नमुना बनवतात. मुलगी सांगलीत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला. वर्षभर ती कॉलेज सुटल्यावर विश्रामबागमधल्या एका दुकानात कॉम्प्युटर फॉरमॅट मारायला जाते. आता म्हणते, सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम आपोआप टाकायचं काम असतं, मला त्यातच जायचंय. वडील लिहितात, "फॉरमॅट मारायला डिग्री कशाला? आणि जे आपोआप होतं, त्याचा पगार कंपनी कुणाला देणार? मेव्हणे म्हणतात, आता सगळं क्लाउडवर आहे, हे शिकून काय उपयोग. पुण्याचा एक क्लास क्लाउडच्या कोर्सचे दीड लाख मागतोय, पत्रक सोबत पाठवलंय. भिशीचे पैसे हातात आहेत. सोमवारी पहिला हप्ता आहे, भरू का?"

नमस्कार दादा,

सोमवारी पैसे भरू नका. कारण पुढे सांगतो, पण आधी एवढं सांगून ठेवतो.

तुमच्या पगाराच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शॉपमध्ये आहे. मोल्डिंग मशीन आलं, साचे भराभर पडायला लागले, म्हणून पॅटर्नमेकरला कुणी घरी बसवलं का? उलट पॅटर्न एक सूत चुकला तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. धातू थंड होताना आकसणार, म्हणून तुम्ही पॅटर्न आधीच थोडा मोठा ठेवता. पुढे काय होणार ते ओळखून आजच लाकडात उतरवायचं, हे तुमचं कसब. तुमची लेक ज्या कामाबद्दल बोलतेय, ते सर्व्हरचं, म्हणजे कंपनीचं काम चोवीस तास वाहणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरचं, पॅटर्न शॉप आहे.

दुकानात ती पेनड्राइव्ह लावते आणि समोर बसते. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, वेळ कुठली, कुठल्या डिस्कवर टाकायचं, डिस्कचे भाग किती, पासवर्ड काय, अशी प्रश्नांची उत्तरं देत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाते. एका मशीनला हे चालतं. डेटा सेंटरमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या मोठ्या जागेत, एका वेळी शंभर-दोनशे मशीन उतरतात.

मी या मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी बारा वर्षं पुण्यात सर्व्हर रूममध्ये होतो. एका कंपनीत आम्ही तिघांनी दोन रात्रींत चाळीस सर्व्हर हाताने उभे केले. ट्रॉलीवर मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवून एका रॅकपासून (सर्व्हर बसवायचं लोखंडी कपाट) दुसऱ्या रॅककडे ढकलत न्यायचो. पहाटे तीनच्या सुमारास सतराव्या मशीनवर एकाने लॉग साठवायचा भाग वीस जीबीऐवजी दोन जीबीचा केला. त्या रात्री कुणाच्या लक्षात आलं नाही. चार महिन्यांनी तो भाग भरला आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी बिलिंग बंद पडलं. चाळीसपैकी एकोणचाळीस मशीन सारखी होती, म्हणून त्या एकावर आमचा संशय जाईपर्यंत दुपार झाली. तेव्हा मला कळलं की या कामात नुसता वेग कामाचा नाही. चाळीसच्या चाळीस एकसारखी निघाली पाहिजेत.

आता आपोआप कसं होतं ते सांगतो, म्हणजे लेकीशी बोलताना तुम्हाला धागा लागेल. नवा सर्व्हर रॅकला लावून चालू केला की त्याच्या डिस्कवर काहीच नसतं. म्हणून त्याचं नेटवर्क कार्डच हाक मारतं, 'मला कुणी पत्ता देता का?' या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. इंटेलने तिचं २.१ हे स्पेसिफिकेशन १९९९ साली काढलं. नेटवर्कवर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर त्या हाकेला ओ देतो, मशीनला आयपी अ‍ॅड्रेस देतो आणि कुणाकडून कुठली फाइल घ्यायची तेही सांगतो. ती मशीन सुरू करून देणारी छोटी बूटलोडरची फाइल टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने उतरते, मग ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल येतं, आणि त्याच्यासोबत एक निरोप: उत्तरांची फाइल अमुक ठिकाणी आहे. पुढचे सगळे प्रश्न इन्स्टॉलर त्या फाइलला विचारतो. कीबोर्डला कुणी हात लावत नाही. ही फाइल म्हणजे तुमचा पॅटर्न. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे बरेच प्रकार आहेत. रेड हॅट, रॉकी, अल्मा यांच्याकडे तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनकडे प्रीसीड, सुसेकडे १५ पर्यंतच्या आवृत्त्यांत ऑटोयास्ट. उबुंटू सर्व्हरने २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल आणलं. विंडोजलाही अशीच एक्सएमएल फाइल असते.

लेकीला सांगा, फाइल कोऱ्या पानावर लिहायला बसू नकोस. रॉकी लिनक्स एकदा हाताने टाकायचं. काम संपल्यावर इन्स्टॉलर स्वतःच तिने दिलेली उत्तरं रूटच्या फोल्डरमध्ये 'अ‍ॅनाकोंडा-केएस' नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती उघडायची, ओळ न् ओळ समजून घ्यायची, मग एकेक बदलत जायचं. पासवर्ड त्यात उघडा लिहायचा नाही, कारण ती फाइल नेटवर्कवर कुणालाही वाचता येते.

आणि इथे जरा थांबून नीट सांगतो, कारण क्लासवाले हे क्वचित सांगतात. त्या फाइलमध्ये 'क्लिअरपार्ट' अशी एक ओळ असते. तिला 'ऑल' जोडलं की मशीनच्या सगळ्या डिस्कवरचे भाग पुसले जातात, 'नक्की का?' असं न विचारता. नव्या सर्व्हरला ते बरोबरच आहे. पण एखादा चालू सर्व्हर, ज्यावर लोकांचा डेटा आहे, रात्री रिस्टार्ट झाला, त्याच्या बूट ऑर्डरमध्ये (कुठून सुरू व्हायचं त्या क्रमात) नेटवर्क पहिलं असलं आणि इन्स्टॉलेशनची सोय सरसकट सगळ्यांना खुली ठेवली असली, तर सकाळी तो सर्व्हर कोरा करकरीत. म्हणून जाणती माणसं मॅक अ‍ॅड्रेसची, म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डच्या स्वतःच्या नंबरची, यादी ठेवतात. यादीत असेल त्याच मशीनला इन्स्टॉलेशन, बाकीच्यांना 'आपल्या डिस्कवरून सुरू हो' एवढाच निरोप. काम झालं की त्या मशीनचं नाव यादीतून काढायचं, नाहीतर रिस्टार्ट झालं की पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉलेशन, असं चक्र फिरत बसतं. कंपनी पगार देते तो हे कुलूप आठवणीने लावणाऱ्या माणसाला.

दुसरी काळजी कॉलेजच्या लॅबची. हौसेनं तिथल्या नेटवर्कवर स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर चालू करायचा नाही. दोन जण पत्ते वाटायला लागले की सगळ्या लॅबचं इंटरनेट कोलमडतं आणि बोलणी तिला बसतात. व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपमध्ये अनेक आभासी (व्हर्च्युअल) मशीन चालवतं. घरी त्यात वेगळं अंतर्गत नेटवर्क करून प्रयोग करावेत. एक व्हर्च्युअल मशीन वाटणारं, दोन घेणारी. लॅपटॉपला आठ जीबी रॅम असेल तर ओढाताण होईल, कारण नेटवर्कवरून टाकताना इन्स्टॉलर बराचसा रॅममध्येच बसतो. सोळा जीबी करून द्या. भिशीतून सध्या एवढाच खर्च करा.

तुमचे मेव्हणे म्हणतात की आता सगळं क्लाउडवर आहे, हे शिकून काय उपयोग. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. छोट्या कंपन्या आता स्वतःचे सर्व्हर फारसे घेत नाहीत, क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर, तयार इमेजमधून (आधीच बसवून ठेवलेल्या सिस्टीमच्या नकलेतून) मिनिटभरात मशीन उभं राहतं. पण ती इमेज कुणीतरी घडवलेली असते, आणि पॅकरसारख्या इमेज बनवायच्या साधनाने ती घडवताना बऱ्याचदा हीच किकस्टार्ट फाइल वापरतात. बँका, दूरसंचार कंपन्या आणि खुद्द क्लाउडवाल्यांच्या डेटा सेंटरमध्ये लोखंडी मशीन आहेतच. म्हणून तिने पाया हाच ठेवावा आणि त्यावर अ‍ॅन्सिबल शिकावं. ऑपरेटिंग सिस्टीम बसल्यानंतरची कामं या साधनाने एकदम अनेक मशीनवर होतात.

सर्टिफिकेट घ्यायचं तर आधी रेड हॅट कंपनीचं आरएचसीएसए, म्हणजे लिनक्स सांभाळायचं पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट. ती परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर काम करून द्यायची असते, पर्यायांवर टिक करायचं काम नाही, त्यामुळे तिथे पोपटपंची चालत नाही. नंतर त्याच्या वरच्या पायरीचं आरएचसीई, ते आता अ‍ॅन्सिबलवरच आहे. दोन्हीची तयारी घरी करता येते, पैसे परीक्षेच्या फीसाठी ठेवा. तुम्ही पाठवलेलं क्लासचं पत्रक मी वाचलं. त्यात सोळा साधनांची नावं आहेत आणि मुदत चार महिने. तुमच्या लेकीने दुकानात वर्षभर जे हाताने केलं, त्यावर उभं राहील असं त्यात काहीच नाही.

पहिली नोकरी बहुधा पुण्यात किंवा नवी मुंबईत, सर्व्हरवर नजर ठेवायच्या रात्रपाळीची मिळेल. पगार सुरुवातीला बेताचा असतो. जाण्या-येण्याच्या गाडीचं मुलाखतीतच विचारायचं, त्यात लाजायचं नाही. दोन-तीन वर्षांनी हात बसला की बरंचसं काम लांबून होतं. आयड्रॅक, आयएलओ अशी सोय सर्व्हरमध्येच असते, तिच्यातून मशीन बंद-चालू करता येतं आणि कुठून बूट व्हायचं तेही सांगता येतं. पण पहिली दोन वर्षं रॅकसमोर उभं राहायची तयारी हवी. तुम्हीही सुरुवातीला वाळू चाळलीच असेल.

या रविवारी तिच्याशेजारी बसा. व्हर्च्युअल मशीन चालू करायला सांगा आणि कीबोर्डपासून हात लांब ठेवून काय होतं ते दोघांनी बघा. मग तिला एकच विचारा: "हेच चुकून चालू मशीनवर सुरू झालं तर?" तिने यादी आणि कुलूप उघडून दाखवलं, तर आरएचसीएसएच्या तयारीला लागू द्या. दाखवता आलं नाही, तर पुढचा आठवडाभर तिला तेवढंच करू दे आणि झालं की मला कळवा.