परफॉर्मन्स आर्ट पाहून झाल्यावर बोलायचे कसे?

(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे)

प्रश्न : दांडिया बाजार परिसरातील आम्ही काही मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमून नाटक, प्रदर्शन किंवा पुस्तक यांवर चर्चा करतो. अलीकडे आम्ही एका तरुण कलावतीचा परफॉर्मन्स, म्हणजे कलावंताचे शरीर आणि प्रेक्षकांसमोर केलेली कृती हीच ज्यात कलाकृती असते असा प्रयोग, पाहिला. जमिनीवर बसून तिने सलग तीन तास एका जुन्या नऊवारीचे एकेक सूत ओढून काढले आणि ते स्वतःच्या मनगटाभोवती गुंडाळत नेले. नंतरच्या चर्चेत पहिलाच प्रश्न आला, ‘याचा अर्थ काय?’ ती म्हणाली, ‘तुम्हाला जो वाटेल तो.’ मग दोघातिघांनी ‘फार छान’ म्हटले, एका गृहस्थांनी ‘हे घरी कोणीही करील’ असा शेरा मारला आणि चहा आला. अशी चर्चा पुढे कशी न्यावी?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : आपल्या चर्चेचा घोटाळा पहिल्याच प्रश्नात झाला. अर्थ विचारला की कलावंताला एक तर भाषण करावे लागते, नाही तर अंग चोरावे लागते; आणि ‘तुम्हाला जो वाटेल तो’ हे उत्तर नम्र भासले तरी माझ्या मते ती पळवाटच आहे. त्याऐवजी तिला तिच्या निर्णयांविषयी विचारावे. साडी जुनीच का, ती कोणाची होती, तीनच तास का, सूत बाजूला न टाकता मनगटावरच का गुंडाळले, प्रेक्षकांकडे एकदाही पाहायचे नाही हे आधी ठरले होते काय? अर्थ सांगण्यास कलावंत बांधलेला नसतो, परंतु आपण केलेल्या निवडींविषयी तो बोलू शकतो, आणि बोलता येत नसेल तर तीही त्या कामाविषयीची एक माहितीच आहे.

मात्र तिला काही विचारण्यापूर्वी मंडळींनी आपापसांत एक काम करावे, ते म्हणजे काय घडले ते घडले त्या क्रमाने सांगणे. हे पोरकट वाटेल, पण तीन तासांच्या प्रयोगात पूर्ण वेळ बसलेले प्रेक्षक फार थोडे असतात. कोणी पहिल्या वीस मिनिटांत उठले असेल, कोणी शेवटी आले असेल. बोटे केव्हा मंदावली, मनगट केव्हा वळेनासे झाले, सूत तुटल्यावर तिने काय केले, खोलीतले लोक केव्हा कुजबुजू लागले, हे प्रत्येकाला वेगळे दिसलेले असते. चित्र भिंतीवर राहते आणि शंका आली तर परत जाऊन पाहता येते. इथे ती सोय नाही, म्हणून पाहणाऱ्यांच्या साक्षी जोडूनच चर्चेचा विषय उभा करावा लागतो. या साक्षी जुळत नाहीत तिथे खरी चर्चा सुरू झालेली असते.

अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची जी पद्धत बसवली, तिचे चार टप्पे आहेत : आधी प्रेक्षकांनी काय लक्षात राहिले ते सांगायचे, मग कलावंताने प्रेक्षकांना प्रश्न विचारायचे, मग प्रेक्षकांनी मत न मिसळता प्रश्न विचारायचे, आणि शेवटी कलावंताची परवानगी घेऊन मते मांडायची. ही पद्धत अर्धवट तयार झालेल्या कामासाठी उत्तम आहे. पूर्ण होऊन लोकांसमोर आलेल्या प्रयोगाला मात्र शेवटच्या परवानगीची अट लावू नये, असे मला वाटते. तिकीट असो वा नसो, प्रेक्षकाने आपल्या आयुष्यातले तीन तास दिलेले असतात.

‘हे कोणीही करील’ म्हणणाऱ्या गृहस्थांना गप्प बसवू नका, उलट त्यांच्या शेऱ्याचा प्रश्न करा : कोणीही केले असते तर काय बदलले असते? साडी नवी असती तर? हेच काम एखाद्या पुरुषाने केले असते तर? अर्ध्या तासात संपवले असते तर? एक घटक मनातल्या मनात बदलून पाहिला की तो घटक तिथे काय काम करत होता हे कळते, आणि काहीच बदलत नसेल तर तो केवळ सजावट होता असे निःसंकोच म्हणता येते. तुलनाही अवश्य करावी. जपानी कलावती योको ओनो यांनी १९६४ मध्ये क्योतो येथे ‘कट पीस’ सादर केले, तेव्हा त्या मंचावर स्तब्ध बसल्या होत्या आणि प्रेक्षकांनी एकेक करून पुढे येऊन कात्रीने त्यांच्या कपड्यांचे तुकडे कापून नेले. तिथे वस्त्र फाडण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येते. आपण पाहिलेल्या प्रयोगात वस्त्र नाहीसे करणारी ती स्वतःच आहे आणि आपण नुसते बसून आहोत. हा फरक तिने विचारपूर्वक केला आहे काय, एवढ्या एका प्रश्नावर आपली पुढची बैठक सहज निघेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. कीर्तन आणि संगीत नाटक यांवर आमचा पिंड पोसला. अशा प्रयोगांवर बोलण्याचा अधिकार फाइन आर्ट्स शिकलेल्यांनाच असावा असे वाटून मी गप्प राहते. हे योग्य आहे काय?
– एक वाचक, रावपुरा

उत्तर : मुळीच नाही, आणि याला आधारही जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचे, म्हणजे यशाचे, विवेचन करताना, वाद उत्पन्न झाल्यास निवाडा कोणी द्यावा यासाठी प्राश्निकांची, म्हणजे परीक्षकांची, यादी दिली आहे. त्यात नर्तक आणि गायक आहेतच, पण यज्ञ जाणणारा, छंद जाणणारा, व्याकरणी, धनुर्धर, चित्रकार, गणिका आणि राजसेवकही आहेत. स्वरतालाचे गायकाने सांगावे, शस्त्र धरतानाच्या अंगसौष्ठवाचे धनुर्धराने सांगावे, शृंगाराच्या रीतीचे गणिकेने सांगावे, असा तिथला विचार आहे. एकाच तज्ज्ञाकडे सगळा निवाडा सोपवलेला नाही. नऊवारी नेसणे आणि तिची घडी मोडणे ज्यांनी आयुष्यभर केले त्या बायकांना वरच्या प्रश्नातील प्रयोगात जे दिसेल, ते कलेच्या इतिहासाच्या प्राध्यापकाला दिसेलच असे नाही.

कीर्तन ऐकणाऱ्याला आणखी एक गोष्ट नक्की कळते, आणि ती म्हणजे वेळ केव्हा भरलेला आहे आणि केव्हा नुसता लांबवला आहे. हे कळणे परफॉर्मन्सच्या समीक्षेत फार मोलाचे आहे. एका बाबतीत मात्र सवय थोडी बाजूला ठेवावी लागेल. नाटकातला थकवा नटाने उभा केलेला असतो. परफॉर्मन्समधला थकवा बहुधा खरा असतो. अर्थात ही सीमारेषाही पक्की नाही. आपल्या फाइन आर्ट्समध्ये, म्हणजे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत, शिकलेले परफॉर्मन्स कलावंत निखिल चोप्रा हे योगराज चित्रकार नावाचे पात्र धारण करून तासन्तास, कधी दिवसच्या दिवस चित्र काढतात, तिथेच राहतात, वेष पालटतात; २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचा असा प्रयोग नऊ दिवस चालला. तिथे पात्र खोटे आणि श्रम खरे असतात. वेष, रंगभूषा आणि पात्र यांविषयी बोलण्यास संगीत नाटकाच्या प्रेक्षकाइतका तयार माणूस कोण असणार?

प्रश्न : स्वतःला इजा करून घेणाऱ्या किंवा लोकांच्या भावना दुखावणाऱ्या प्रयोगांवर टीका केली की आम्हाला मागासलेले ठरवतात, आणि टीका केली नाही तर संमती दिल्यासारखे होते. काय करावे?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : धाडस आणि गुणवत्ता या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. अमेरिकन कलावंत क्रिस बर्डन यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात मित्राकडून स्वतःच्या दंडावर बंदुकीची गोळी झाडून घेतली. सर्बियन कलावती मरीना अब्रामोविच यांनी १९७४ मध्ये नेपल्स येथे ७२ वस्तू टेबलावर मांडून सहा तास स्वतःला प्रेक्षकांच्या स्वाधीन केले. त्या वस्तूंत गुलाब होता आणि पिस्तूलही होते. मला दुसरे काम अधिक मोठे वाटते, कारण त्यात धोका कुठवर न्यायचा हे जमलेल्या लोकांनी ठरवले आणि त्यामुळे त्या लोकांविषयी काही कळले. पहिल्यातली वेदना कलावंतापाशीच राहते. कोणाला हे उलट वाटेल, त्यांनी तसे कारणांसह मांडावे. आणि शरीराच्या असुरक्षिततेविषयी बोलायला रक्तच लागते असेही नाही. भारतीय कलावती रुम्माना हुसेन यांनी १९९५ मध्ये मुंबईत केलेल्या प्रयोगात चिरलेली पपई आणि घुंगरू एवढ्यावर १९९२-९३ च्या दंगलींनंतरची भीती उभी केली होती.

भावना दुखावल्याचे म्हणाल, तर आपल्या शहराला २००७ ची आठवण आहे. फाइन आर्ट्समधील एका विद्यार्थ्याने परीक्षेसाठी मांडलेल्या कामावरून गदारोळ झाला, त्याला अटक झाली आणि प्रभारी अधिष्ठाते निलंबित झाले. त्या दिवसांत धर्म, कायदा आणि स्वायत्तता यांवर पुष्कळ बोलले गेले. त्या चित्रांची रचना, त्यांतील प्रतिमांची निवड आणि त्यांचा कच्चेपणा वा पक्केपणा यांवर कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. काम आवडले नाही असे सविस्तर लिहिणे आणि काम बंद पाडा म्हणणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि पहिले जितके अधिक होईल तितके दुसऱ्याला निमित्त कमी मिळेल.

प्रश्न : प्रयोगाला जाता आले नाही, व्हिडिओ पाहिला. मत देता येईल काय? आणि लिहिलेले छापावे कुठे?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : पेगी फेलन या अभ्यासक महिलेने १९९३ मध्ये आग्रहाने मांडले की परफॉर्मन्सचे आयुष्य फक्त वर्तमानात असते, नोंद झाली की ते दुसरेच काही होते. इतके कडक राहण्याची गरज नाही, कारण वर उल्लेखिलेला बर्डन यांचा प्रयोग तरी आपण सर्वांनी छायाचित्रांतूनच जाणला आहे. ‘मी व्हिडिओ पाहिला’ एवढे पहिल्या वाक्यात लिहावे आणि कॅमेरा कुठे होता, काय कापले असावे, याचाही विचार करावा. छापण्याविषयी म्हणाल, तर चित्रकार गुलाम मोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर यांनी १९६९ ते १९७३ या काळात याच शहरातून ‘वृश्चिक’ हे छोटे नियतकालिक चालवले आणि त्यातून ललित कला अकादमीच्या कारभारावरही कोरडे ओढले. आपल्या मंडळाने प्रत्येक प्रयोगानंतर आठवडाभरात तीनशे-चारशे शब्दांची दोन टिपणे लिहून घ्यावीत, शक्यतो एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांकडून, आणि ती आमच्याकडे पाठवावीत. तारीख, जागा आणि आपण किती वेळ उपस्थित होता हे वर लिहायला विसरू नये.